‘साधी गोळी आहे हो, काही होत नाही!’

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. मेडिकलवाल्याच्या तोंडून, शेजारणीच्या तोंडून, पेशंटच्या तोंडून. आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या तोंडूनही. आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. त्यासाठी आधी एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा त्याच्या ६४ वर्षांच्या आईला घेऊन आला. “डॉक्टर, आई ओट्यापाशी उभी होती, एकदम कोसळली. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली. तीन दिवस जुलाब होतायत, अशक्तपणा असेल. एक सलाईन लावा ना.”

मावशी माझ्या जुन्या पेशंट. बोलत होत्या, बीपी ठीक होतं. सलाईन लावून घरी पाठवणं सोपं होतं. पण ‘एकदम कोसळली’ हे शब्द मला खटकले, म्हणून ईसीजी काढला. ईसीजीवर क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. बायकांमध्ये ते, ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून, साधारण ४६० मिलिसेकंदांच्या आत असावं. ५०० च्या वर गेलं की धोका. मावशींचं होतं ५४०. रक्तातलं पोटॅशियम किमान ३.५ हवं, ते २.९ होतं. लगेच आयसीयूत पाठवलं. तिथे मॉनिटरवर काही सेकंद हृदयाचे ठोके वेडेवाकडे धावताना दिसले. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शिरेतून दिलं, काही औषधं थांबवली. चार दिवसांनी क्यूटी ४४० वर आलं आणि मावशी घरी गेल्या.

मुलाला मी म्हटलं होतं, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी पिशवीत घालून आण. पिशवीतून चार गोष्टी निघाल्या. बीपीची गोळी, ज्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. ॲसिडिटीची कॅप्सूल, दोन वर्षं रोज सकाळी. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल, तीन आठवडे चालू. आणि जुलाबांसाठी मेडिकलमधून आणलेलं अझिथ्रोमायसिन, ‘तीन दिवसांचा कोर्स’.

यातलं एकही औषध बनावट नव्हतं. एकेकटं पाहिलं तर कुठलंच भयंकर नाही. चारही देणाऱ्यांनी मनात म्हटलं असणार, साधी गोळी आहे. आणि त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पहिली चिठ्ठी माझी होती. पंधरा दिवसांसाठी मी ती लिहिली होती. पण ‘पंधरा दिवस’ हे शब्द कागदावर लिहायचे राहून गेले होते.

हृदयाच्या पेशीतलं एक दार

या चार औषधांनी मिळून काय केलं, ते समजायला हृदयाच्या पेशीपर्यंत जावं लागेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी एका अतिपातळ आवरणात गुंडाळलेली असते. या आवरणात प्रथिनांची छोटी छोटी दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमची दारं वेगळी, कॅल्शियमची वेगळी, पोटॅशियमची वेगळी. ठोका पडताना आधी सोडियम आत घुसतं, मग कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आकुंचन पावतो. त्यानंतर पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुन्हा शांत होते. हे सगळं सेकंदाच्या साधारण एक तृतीयांश भागात उरकतं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा.

शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. गाडी पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच फलाटावरचे लोक आत घुसले, तर दारात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पोटॅशियमचं दार अडलं तर पेशीला शांत व्हायला उशीर होतो. ईसीजीवर क्यूटी लांबतं ते यामुळे. आधीचं आवरलेलं नसताना काही पेशी पुन्हा पेटतात आणि खालचे कप्पे भलत्याच तालात धावू लागतात. ईसीजीची रेघ पीळ दिल्यासारखी दिसते. डेसर्टेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली या प्रकाराला ‘तोर्साद द प्वांत’ हे नाव दिलं. रक्त पुढे ढकललं जात नाही, माणूस कोसळतो. ताल आपोआप सुधारला तर तो अर्ध्या मिनिटात उठून बसतो आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा. ताल सुधारला नाही तर माणूस जातो आणि घरचे म्हणतात, ॲटॅक आला.

पोटॅशियमच्या या दारांपैकी एकाचं नाव हर्ग. औषधांमुळे क्यूटी लांबतं तेव्हा बहुतेक वेळा हेच दार अडलेलं असतं.

‘असल्या संशोधनाचा आम्हाला काय उपयोग?’

हा प्रश्न मला सुशिक्षित माणसंसुद्धा विचारतात. कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोणी माशी नाहीतर बेडूक घेऊन बसलंय, त्याने माझी ॲसिडिटी थोडीच जाणार आहे? तर ऐका.

कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर हॉजकिन आणि हक्सली यांनी प्रयोग केले. सोडियम-पोटॅशियमची ये-जा पेशीत वीज कशी निर्माण करते, हे त्यांनी १९५२ साली गणितासह मांडलं. १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे १९७६ साली नेहर आणि साकमान यांनी केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी पेशीच्या आवरणाला चिकटवून एकेका चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजला. त्यांचं नोबेल १९९१ चं. पोटॅशियमच्या चॅनेलची प्रत्यक्ष रचना मॅकिनन यांनी १९९८ साली दाखवली, जीवाणूतल्या चॅनेलवर काम करून. त्यांना २००३ साली नोबेल मिळालं.

हर्गची गोष्ट तर फळांवरच्या चिलटापासून सुरू होते. ईथर दिल्यावर पाय थरथरवणारी चिलटं संशोधकांना सापडली. १९६० च्या दशकातल्या गो-गो नाचावरून त्यांनी त्या जनुकाला गंमतीचं नाव ठेवलं. १९९४ साली माणसात त्याचा भाऊबंद सापडला, तोच हर्ग. पुढच्याच वर्षी, १९९५ साली, दोन गोष्टी सिद्ध झाल्या. हर्ग हे हृदयाच्या पेशीतलं पोटॅशियमचं दार आहे. आणि काही घराण्यांमध्ये तरुण माणसं अचानक कोसळतात, त्यातल्या काहींमध्ये या जनुकातच दोष असतो. अशा माणसांना घड्याळाच्या कर्कश गजरानेही झटका येऊ शकतो.

या माहितीने काय बदललं? टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी १९८५ पासून अमेरिकेत धडाक्यात विकली जात होती. झोप येत नाही म्हणून लोकप्रिय. १९९० साली एका ३९ वर्षांच्या बाईची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. टर्फेनाडिन चालू असताना तिने बुरशीवरचं कीटोकोनॅझोल घेतलं, आणि हृदयाचा ताल बिघडून ती कोसळली. दोन्ही गोळ्या ‘साध्या’. मग इतकं का बिघडलं? टर्फेनाडिन हर्गचं दार अडवतं. एरवी यकृत त्याचं झटपट रूपांतर करून टाकतं, म्हणून त्रास होत नाही. कीटोकोनॅझोल यकृताचं हेच काम बंद पाडतं. टर्फेनाडिन रक्तात साचत जातं, आणि दार अडतं.

यकृतात टर्फेनाडिनचं ज्यात रूपांतर होतं तो पदार्थ ॲलर्जीवर तितकाच चालतो, पण हर्गला त्रास देत नाही. मग तोच पदार्थ औषध म्हणून आणला गेला. त्याचं नाव फेक्सोफेनाडिन. शिंका येतात म्हणून तुम्ही आज जी गोळी घेता, तिच्यामागे चिलटापासून झालेला हा सगळा प्रवास आहे. अमेरिकेत टर्फेनाडिन १९९८ साली बाजारातून गेलं. २००५ पासून नव्या औषधाची हर्गवर चाचणी करून पाहणं हा आंतरराष्ट्रीय नियमावलीचा भाग झाला.

म्हणजे ज्ञान आहे, चाचणी आहे, नियम आहेत. मग अडलं कुठे?

अडलं आपल्या गल्लीत

टर्फेनाडिन अमेरिकेतून १९९८ साली गेलं. आपल्याकडे बंदी आली २००३ साली. सिसाप्राइड हे पोटाचं औषध, त्याची तीच तक्रार, तेच दार. अमेरिकेत २००० साली त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. आपल्याकडे बंदीला २०११ साल उजाडलं. एकदा पाच वर्षं, एकदा अकरा. त्या काळात आपली हृदयं काही वेगळ्या प्रथिनाची बनलेली नव्हती.

आता मावशींच्या कॅप्सूलकडे या. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलच्या नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ ही अक्षरं असतात. त्यातला ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन. मूळ काम उलटी-मळमळ थांबवणं. तेही हर्गचं दार अडवतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली स्पष्ट सांगितलं: हे औषध फक्त मळमळ-उलटीसाठी द्या, पोटफुगी आणि जळजळीसाठी नको. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, आणि सहसा एका आठवड्याहून जास्त नाही. यकृताचं ते काम जोरात अडवणाऱ्या किंवा क्यूटी लांबवणाऱ्या औषधांबरोबर तर देऊच नका. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ते चिठ्ठीशिवाय मिळणं बंद झालं.

आपल्याकडे? पूर्ण ३० मिलिग्रॅम एकाच कॅप्सूलमध्ये, दिवसभर हळूहळू सुटेल असं. तेही ॲसिडिटीच्या औषधाला जोडून. आणि घेणारा महिनोन्‌महिने घेतोय. सकाळी चहाआधी कॅप्सूल, मग मिसळ खायला मोकळे. ज्या कारणासाठी नको म्हटलंय त्याच कारणासाठी, आणि जितके दिवस नको म्हटलंय त्याच्या कितीतरी पट.

या घरात आता नायटा शिरला. महाराष्ट्रात गेली काही वर्षं हट्टी नायट्याने लोक बेजार आहेत. दमट हवा, घट्ट जीन्स, स्टिरॉइड मिसळलेली मलमं. त्यावर इट्राकोनॅझोल सर्रास दिलं जातं, आणि बऱ्याचदा गरजही असते. पण इट्राकोनॅझोल हे कीटोकोनॅझोलचं सख्खं भावंड. यकृताचं तेच काम तेही बंद पाडतं. म्हणजे डॉम्पेरिडोन साचणार. अमेरिकेतल्या त्या बाईची गोष्ट पुन्हा घडणार, फक्त गोळ्यांची नावं वेगळी. त्यात जुलाबांमुळे आणि लघवीच्या औषधामुळे पोटॅशियम घटलेलं. वर अझिथ्रोमायसिन, ज्याच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१३ सालीच हृदयाच्या तालाविषयी इशारा दिला आहे. जुलाबांना बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, ओआरएस पुरतं.

१९९० साली छापून आलेली गोष्ट एवढ्या वर्षांनंतरही आपल्या स्वयंपाकघरात घडते. याला मी दुर्दैव म्हणणार नाही. हा निष्काळजीपणा आहे, आणि त्यात आम्ही डॉक्टर पहिले. ‘डी’ का लावतो? कारण पेशंटला लवकर बरं वाटतं, कारण सवय लागली आहे, कारण कॅप्सूल तशीच तयार मिळते. किती दिवस घ्यायची ते का लिहीत नाही? घाई असते म्हणून. त्यानंतर मेडिकलवाला. पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. ती रेघ शोभेची झाली आहे. आणि शेवटी तुम्ही. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून, नाहीतर रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवून, तीच गोळी आणणारे.

माझ्यावर येणारे आक्षेप

“डॉक्टर, हे फार दुर्मिळ आहे.” मान्य. धडधाकट माणसाने यातलं एक औषध चार दिवस घेतलं तर काही होण्याची शक्यता अगदी कमी. पण मी एका गोळीबद्दल बोलतच नाही. साठी ओलांडलेली बाई, लघवीचं औषध, जुलाब आणि वर दोन-तीन गोळ्या, हे काही दुर्मिळ चित्र नाही. माझ्या ओपीडीत रोज दिसतं. वय, स्त्री असणं, घटलेलं पोटॅशियम, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, यातल्या प्रत्येकाने धोका वाढतो. आणि कोसळलेल्या माणसाचा ईसीजीच काढला नाही, तर दुर्मिळ की नेहमीचं हे ठरवणार कसं?

“मग काय, प्रत्येक गोळीआधी ईसीजी काढायचा?” मुळीच नाही. प्रश्न विचारायचे. आणखी काय चालू आहे? उलट्या-जुलाब आहेत का? कधी अचानक शुद्ध गेली होती का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का? या चार प्रश्नांना एक मिनिट लागतं, मशीन लागत नाही. उत्तरं संशयास्पद असतील तरच ईसीजी.

“खेड्यात डॉक्टर नसतो, मेडिकलवालाच आधार.” हेही खरं. म्हणून तर त्याने आधार व्हावं, नुसतं दुकान चालवू नये. फार्मासिस्ट औषधांचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. कोणती दोन औषधं एकत्र नकोत हे त्याने सांगायला हवं. तिथे फार्मासिस्ट नसून नुसता गल्ल्यावरचा पोऱ्या गोळ्या देत असेल, तर ती तक्रार वेगळी, पण आहे नक्की.

“म्हणूनच आम्ही ॲलोपॅथी घेत नाही, आमचं सगळं नैसर्गिक.” या मंडळींनी माझा लेख पुढे पाठवण्याआधी एवढं वाचावं. ज्येष्ठमध फार दिवस, फार प्रमाणात घेतलं तरी पोटॅशियम घटतं. हर्गच्या दाराला औषध कुठल्या दुकानातून आलं हे कळत नाही. आधुनिक वैद्यकाने स्वतःची खपणारी औषधं तपासली आणि चूक दिसल्यावर मागे घेतली. हे काम इतर कोणी करत असेल तर मला आनंदच आहे.

“तुम्ही लोकांना घाबरवताय. आता बीपीच्या गोळ्याही बंद करतील.” हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. म्हणून स्पष्ट लिहितो: हा लेख वाचून चालू असलेलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीची, मधुमेहाची, मानसिक आजाराची, फिट्सची औषधं अचानक थांबवणं याहून धोक्याचं ठरू शकतं. मी भीती बाळगा म्हणत नाही. प्रश्न विचारा म्हणतोय.

मग करायचं काय?

१. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी करा. ब्रँडचं नाव नको, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव लिहा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, जिमची पावडर, सगळं. त्वचेच्या, दातांच्या, कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती यादी दाखवा.

२. नवी चिठ्ठी हातात आली की विचारा, “किती दिवस घ्यायचं?” आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

३. ॲसिडिटीची कॅप्सूल रोज घेत असाल तर पुढच्या भेटीत विचारा, “यात डॉम्पेरिडोन आहे का? मला त्याची गरज आहे का?” बहुतेकांना नसते.

४. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि लघवीचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना फोन करा. ओआरएस लगेच सुरू करा.

५. काही सूचना न मिळता एकदम शुद्ध हरपली, किंवा धडधड होऊन चक्कर आली, तर सलाईन मागू नका, ईसीजी मागा. पळताना, पोहताना किंवा दचकल्यावर शुद्ध गेली असेल तर तरुण मुलांचाही.

६. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर कळवा. देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा टोल फ्री नंबर. पेशंटही तक्रार नोंदवू शकतो. नोंद झाली नाही तर दिल्लीत बसलेल्यांना कळणार कसं?

मी माझ्यापुरतं एक केलं आहे. चिठ्ठीवर प्रत्येक औषधासमोर दिवस लिहितो, आणि ‘डी’ लावण्याआधी हात थांबवतो. गरज असेल तर पाच दिवस, नाहीतर नाही. पहिल्या महिन्यात दोन पेशंट ‘आधीची कॅप्सूल चांगली होती’ म्हणून दुसरीकडे गेले. जाऊ देत.

मावशी मात्र अजून येतात. ॲसिडिटीसाठी रात्रीचं जेवण लवकर आणि चहा निम्मा, एवढ्यावर त्यांचं भागतं. दर वेळी न सांगता त्या ती औषधांची पिशवी टेबलावर उपडी करतात आणि म्हणतात, “बघा डॉक्टर, काय एकत्र चालेल ते.”

तुम्हीही पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांकडे येताना पिशवी घेऊन जा.